कुत्र्यांमधील द्विदल झडपेचा ऱ्हास

लहान चणीच्या कुत्र्यांना उतारवयात होणारा हृदयविकार. हृदयाचा डावा वरचा कप्पा म्हणजे अलिंद आणि डावा खालचा कप्पा म्हणजे निलय, यांमधली द्विदल म्हणजेच मायट्रल झडप जाड व गाठाळ होते, नीट मिटत नाही आणि निलय आकुंचन पावताना थोडे रक्त उलटे अलिंदात गळते. उत्तर अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयविकारांपैकी सुमारे ७५ टक्के या एकाच आजाराचे असतात. वीस किलोपेक्षा कमी वजनाच्या जातींत तो अधिक दिसतो: डॅशहुंड, पूडल, चिवावा, माल्टीज, शित्झू, पॉमेरेनियन. नरांमध्ये त्याचे प्रमाण माद्यांच्या सुमारे दीडपट आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत मात्र तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. पाच-सहा वर्षांच्या अनेक कुत्र्यांतही तो तपासणीत सापडतो.

हा जंतुसंसर्ग नव्हे. झडपेच्या दलांतील (पाकळ्यांतील) कोलॅजन या प्रथिनाची वीण विस्कटते, तिथे चिकट द्रव्य साचते, कडांवर गाठी येतात आणि दलांना निलयाच्या भिंतीशी बांधून ठेवणारे तंतू लांबतात, कधी तुटतातही. गळणाऱ्या रक्ताला जागा करून देण्यासाठी अलिंद आणि निलय ताणले जातात. ही भरपाई बहुधा वर्षानुवर्षे पुरते आणि बरीच कुत्री हृदय निकामी न होता दुसऱ्याच कारणाने मरतात. ज्यांची भरपाई अपुरी पडते त्यांच्या अलिंदातला दाब मागे फुप्फुसांच्या शिरांत चढतो आणि फुप्फुसात पाणी होते. मोठा तंतू अचानक तुटला तर हे सारे काही तासांत घडू शकते.

आजाराचा पहिला पुरावा बहुधा लसीकरणाच्या किंवा दात साफ करण्याच्या भेटीत सापडतो. छातीच्या डाव्या बाजूला, कोपराच्या जवळपास स्टेथोस्कोप टेकवला की ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू येते. या आवाजाला मर्मर म्हणतात आणि त्याच्या तीव्रतेच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. कुत्रे या वेळी हुंदडत असते, म्हणून पालकांना बातमी खोटी वाटते किंवा ते एकदम हादरतात. दोन्हींची गरज नसते. मर्मरवरून झडप गळते एवढे कळते; हृदय किती ताणले गेले आहे ते मोजावे लागते.

मोजण्याची दोन साधने आहेत. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयाची लांबी-रुंदी मणक्यांच्या मापात मोजतात. पशुवैद्यक जेम्स ब्यूकॅनन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत निरोगी कुत्र्याचा आकडा सरासरी ९.७ मणके येतो. जातीनुसार तो बदलतो, त्यामुळे आखूड छातीच्या कुत्र्याला एका आकड्यावरून आजारी ठरवणे घाईचे होते. एक्स-रेचा खरा उपयोग फुप्फुसातले पाणी दिसण्यासाठी आहे. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप, गळती आणि कप्प्यांचा आकार थेट दिसतो.

अमेरिकी पशुवैद्यक तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने आजाराचे टप्पे पाडले आहेत. ए म्हणजे धोक्याची जात, पण अजून मर्मर नाही. बी-१ मध्ये मर्मर आहे, हृदय मोठे झालेले नाही किंवा अगदी किंचित झाले आहे. इथे औषध लागत नाही, वर्षाकाठी तपासणी पुरते. बी-२ मध्ये लक्षणे नसतात, पण मर्मर निदान तिसऱ्या पायरीचा, अलिंद महाधमनीच्या १.६ पट किंवा अधिक, वजनानुसार काढलेले निलयाचे माप १.७ किंवा अधिक आणि एक्स-रेवर १०.५ मणक्यांहून मोठे हृदय असते. सी मध्ये हृदय निकामी झाल्याची लक्षणे आलेली असतात आणि डी मध्ये नेहमीच्या औषधांनी ती आटोक्यात राहत नाहीत.

बी-१ आणि बी-२ मधली रेषा ठरवण्यासाठी खर्च करणे योग्य आहे, कारण औषध तिथेच सुरू होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपिक या चाचणीत बी-२ ची ३६० कुत्री होती. पिमोबेंडन मिळालेल्यांत हृदय निकामी होणे सुमारे पंधरा महिने लांबले. हे औषध हृदयाच्या आकुंचनाला बळ देते व रक्तवाहिन्या सैल करते. दिवसातून दोनदा, जेवणाच्या सुमारे तासभर आधी दिले जाते.

सर्वाधिक घोटाळा खोकल्यामुळे होतो. म्हातारे पॉमेरेनियन खोकू लागले आणि मर्मरही सापडला की लगेच लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. पण त्याच जातींत श्वासनलिका खचण्याचा आजारही सर्रास असतो, आणि मोठे झालेले अलिंद श्वसनमार्गाशेजारी असल्याने फुप्फुसात पाणी नसतानाही खोकला येऊ शकतो. श्वासाबरोबर नाडी नैसर्गिकपणे कमी-जास्त होत असेल, तर खोकला हृदय निकामी झाल्याचा असण्याची शक्यता कमी. धाप, जलद नाडी, रात्री बेचैन होऊन जागा बदलणे आणि मूर्च्छा यांना अधिक वजन द्यावे.

घरच्या घरी करता येणारी सर्वांत विश्वासाची तपासणी फुकट आहे: कुत्रे गाढ झोपलेले असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजणे. तीसच्या आत आकडा ठीक. तो नेहमीपेक्षा वाढत जाऊन तीसच्या वर टिकला तर त्याच दिवशी पशुवैद्याला कळवावे. उन्हाळ्यातली धापाधाप किंवा दिवाळीच्या फटाक्यांनी उडालेली झोप यात धरू नये.

फुप्फुसात पाणी झाले तर ती तातडीची स्थिती असते. प्राणवायू, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन आणि घाबरलेल्या जनावराला शांत करणारे औषध आधी. एक्स-रेसाठीची ओढाताण नंतर. सावरल्यावर फ्युरोसेमाइड, पिमोबेंडन, बेनाझेप्रिल किंवा एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधांची जोडणी बहुधा कायमची असते. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडांवर ताण आणते, म्हणून सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासतात. तहान वाढली म्हणून पाण्याचे भांडे कधीही उचलून ठेवू नये. पापड, फरसाण, गोळी लपवण्यासाठीचे खारट चीज बंद करावे. पण प्रथिने कमी करू नयेत. या टप्प्यावर स्नायू झडतात आणि बारीक होत जाणारे कुत्रे कमी जगते, त्यामुळे अळणी खाद्य ते खात नसेल तर खाणे आधी, मीठ नंतर.

औषधांनी झडप दुरुस्त होत नाही. ती दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया जपानमध्ये पशुवैद्यक मासामी उएची यांच्या गटाने रुळवली. कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्रावर कुत्र्याला ठेवून तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम दोरे बसवतात आणि झडपेचे सैल कडे आवळतात. काही देशांत छाती पूर्ण न उघडता झडपेची दोन दले चिमटीत धरणारे उपकरणही वापरले जाते. दोन्ही पर्याय मोजक्या केंद्रांत आणि फार महाग आहेत.

डेन्मार्कमध्ये कॅव्हेलियर जातीसाठी पैदाशीपूर्वी हृदयतपासणीची सक्ती झाली, आणि गळक्या झडपेच्या कुत्र्यांना पैदाशीतून वगळण्याने काही वर्षांतच पुढच्या पिढ्यांतला मर्मर लक्षणीय घटला.