दुग्धस्वच्छता व पशुखाद्यपूरके : पुणे परिसरातील संशोधन आणि व्यवहार

गाई-म्हशींच्या कासेतून निघालेले दूध पिणाऱ्याच्या पेल्यापर्यंत निर्मळ पोचावे म्हणून गोठ्यात, धार काढताना आणि साठवताना घ्यायची काळजी म्हणजे दुग्धस्वच्छता. रोजच्या वैरणीतून आणि पेंडीतून जे पुरेसे मिळत नाही ते भरून काढण्यासाठी, किंवा पचन सुधारण्यासाठी, थोड्या मात्रेत खाद्यात मिसळायचे पदार्थ म्हणजे खाद्यपूरके. अभ्यासक्रमात हे दोन वेगळे विषय आहेत. पहिला दुग्धशास्त्रात येतो, दुसरा पशुपोषणात. गोठ्यात मात्र ते सुटे करता येत नाहीत. बुरशी लागलेली पेंड गव्हाणीत पडली, तर कितीही स्वच्छ हातांनी धार काढली तरी दुधात विष उतरते. आणि खनिज मिश्रण कितीही चांगले चारले, तरी शेणामुतात बसणाऱ्या गाईची कास सुजायची ती सुजतेच.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. जनावरांच्या रोगांवर जंतुशास्त्रीय संशोधन करणारी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून वाढली. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात पशुविज्ञान व दुग्धशास्त्राचे अध्यापन चालते. औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आणि लस तयार करणारी पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने संकरित गाय, कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा आणि चारापिके या वाटेने पशुपोषणाच्या प्रश्नाला हात घातला. आघारकर संशोधन संस्थेतील काम याहून वेगळे, पण या विषयाच्या गाभ्याशी जाणारे आहे : प्राणवायूविना जगणारे, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव आणि तंतुमय चारा फोडणाऱ्या बुरश्या. साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे दौंड, शिरूर, इंदापूर किंवा आंबेगावातल्या गोठ्यापासून यांतली एखादी तरी संस्था फार तर काही तासांच्या अंतरावर असते. तरी संशोधनातले गोठ्यात किती उतरले, हे दूध संकलन केंद्रावर सकाळी उभे राहिल्यावरच कळते.

‘एसएनएफ लागत नाही’

केंद्रावर कॅन उतरतो, नमुना यंत्रात जातो आणि पडद्यावर दोन आकडे उमटतात : फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले स्निग्ध आणि स्निग्धेतर घन पदार्थ. गाईच्या दुधाचा भाव महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. त्याखाली एकेका अंशाला पैसे कापले जातात. त्यामुळे शेतकऱ्याचा डॉक्टरांना पहिला प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, एसएनएफ लागत नाही, कुठली पावडर देऊ?”

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा पावडरीत नसते. एसएनएफचा मोठा हिस्सा दुग्धशर्करेचा. कासेच्या आतल्या पेशींना सूज आली की दुग्धशर्करा कमी तयार होते आणि रक्तातले क्षार दुधात झिरपतात; दूध चवीला किंचित खारट लागते आणि एसएनएफ उतरते. ही सूज डोळ्यांना दिसतेच असे नाही. कास तापलेली, दगडासारखी कडक, दुधात गाठी, अशी ‘दगडी’ झाली की कोणीही ओळखते. त्याच्या आधीचा सुप्त कासदाह मात्र आठवडेच्या आठवडे गोठ्यात वावरतो. गाय खाते-पिते, दूध पांढरेशुभ्र दिसते. फक्त रोज थोडे कमी निघते आणि आकडा लागत नाही.

तो पकडण्याची सर्वांत सोपी चाचणी कॅलिफोर्निया कासदाह चाचणी, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेली. चार वाट्यांचे एक प्लॅस्टिकचे पात्र घ्यायचे, प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत काढायचे, तेवढेच जांभळट द्रावण घालायचे आणि पात्र हातात धरून गोल गोल हलवायचे. निरोगी सडाचे दूध पाण्यासारखे सरसर फिरते. दुखऱ्या सडाच्या वाटीत ते आधी किंचित ओशट होते, मग त्याला तार सुटते. आजार जास्त असेल तर मधोमध लिबलिबीत गोळा जमतो आणि वाटीच्या तळाला चिकटतो. द्रावणातला साबणासारखा घटक दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो आणि त्यांतला डीएनए बाहेर पडून जाळे धरतो, म्हणून हा गोळा. निरोगी कासेच्या दुधात अशा पेशी साधारणपणे मिलिलिटरला २ लाखांच्या आत असतात. चाचणी दोन-तीन मिनिटांची आणि स्वस्त आहे. एसएनएफसाठी पावडरीचा डबा घेण्याआधी ती करायलाच हवी. ती न करता दिलेले पूरक म्हणजे रोग कासेत आणि औषध पोटात.

उतरलेल्या फॅटचे कारण मात्र खरोखर पोटात असू शकते. पुणे जिल्ह्यात दूध वाढवायचे म्हणून गोळी पेंड आणि भरडा वाढवला जातो, कडबा कमी पडतो. गाईच्या मोठ्या पोटाचा सामू (आम्लता मोजणारा आकडा, पीएच) साधारण ६ ते ७ च्या दरम्यान राहिला पाहिजे. पिठूळ खाद्य जास्त झाले की आम्ल वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि दुधातल्या स्निग्धासाठी लागणारे अॅसिटिक आम्ल कमी तयार होते. गाय रवंथ कमी करते, शेण पातळ पडते, कधी खुरांना त्रास होतो. इथे खाण्याचा सोडा हे खरे उपयोगाचे पूरक आहे. मोठ्या गाईला दिवसाला ५० ते १०० ग्रॅमपर्यंत तो देतात. यीस्टही पोटातले वातावरण स्थिर ठेवायला मदत करते. पण सोडा कडब्याची जागा घेत नाही. रवंथ करताना सुटणारी लाळ हाच गाईचा स्वतःचा सोडा, आणि ती लांब तंतूच्या वैरणीनेच सुटते. कुट्टी अगदी पिठासारखी बारीक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उसाचे वाढे आणि चुन्याची निवळी

पाठ्यपुस्तकात फारशी जागा न मिळणारा, पण पश्चिम महाराष्ट्राच्या गोठ्यात मोठी जागा असलेला चारा म्हणजे उसाचे वाढे, उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला. गळीत हंगामात ते स्वस्तात आणि मुबलक मिळतात, म्हणून महिनोन्‌महिने तेच चालतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते आणि गाईला ते मिळू देत नाही. दुधावाटे कॅल्शियम रोज बाहेर जात असताना ही तूट विताना उघडी पडते : ताजी व्यालेली गाय उठत नाही, मान पोटाकडे वळवून पडते, कान गार लागतात. हा दुग्धज्वर; नाव ज्वर असले तरी यात ताप नसतो. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे, हा सल्ला इथल्या प्रत्येक पशुवैद्याच्या तोंडी असतो. वाढे, काड, भुसा हा निकृष्ट चारा सुधारण्याची युरिया प्रक्रियाही (१०० किलो सुक्या चाऱ्याला ४ किलो युरियाचे द्रावण, तीन आठवडे हवाबंद) प्रयोगांत चांगली ठरलेली आहे. पण तिला लागणारी मजुरी आणि चुकीच्या मात्रेने होणारी विषबाधा यांच्या धास्तीने ती मागे पडली आणि मक्याच्या मुरघासाने, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याने, तिची जागा घेतली.

पेंडीतली बुरशी

यंत्राच्या पडद्यावर जे कधीच दिसत नाही, आणि म्हणून ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, ते अफ्लाटॉक्सिन. अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका यांवर दमट हवेत वाढते आणि हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडात शेंगदाणा पेंड खाल्लेली टर्की पक्ष्यांची पिल्ले हजारोंनी मेली, तेव्हा या विषाचा शोध लागला. गाईने बी १ प्रकारचे अफ्लाटॉक्सिन खाल्ले की यकृतात त्याचे एम १ होते आणि साधारण १२ ते २४ तासांत दुधात उतरू लागते. खाल्लेल्या विषाचा १ ते ३ टक्के भाग दुधात येतो; जास्त दूध देणाऱ्या गाईत हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. घरी दूध कितीही उकळले, डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले, तरी ते जात नाही.

भारतात दुधातील एम १ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ती ओलांडलेली आढळली. दुधात पाणी आणि युरिया शोधणाऱ्या आपल्या चर्चेत हा आकडा बसत नाही, कारण यात भेसळ करणारा कोणीच नसतो. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टेकवून, थेट फरशीवर ठेवलेले पोते असते. खालच्या बाजूला ते ओल धरते, पेंडीचे खडे हाताला चिकट लागतात, फोडले की आत हिरवट-करडा धुरळा आणि कोंदट वास. “जनावर खातंय ना, मग काय होतंय!” असे म्हणून वरचा भाग झटकून बाकीचा गव्हाणीत जातो. उन्हात घातल्याने बुरशीची पुढची वाढ थांबेल, आधी तयार झालेले विष पोत्यातच राहते.

विषबंधक म्हणून विकली जाणारी पूरके, म्हणजे बेंटोनाइटसारख्या माती किंवा यीस्टच्या पेशीभित्तिका, यांचे काम आतड्यात हे विष धरून शेणावाटे बाहेर काढणे. अफ्लाटॉक्सिनवर अशा माती चांगल्या चालतात. इतर बुरशीविषांवर तितक्या नाहीत. त्यांच्या भरवशावर खराब पेंड चारणे हा त्यांचा गैरवापर आहे. चांगली गोष्ट अशी की दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध निवळते. पोते फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवणे हे त्यावरचे स्वस्त उत्तर, आणि ते कोणत्याही कंपनीच्या पत्रकावर छापले जात नाही.

मिथेन

रवंथ करणाऱ्या जनावराने खाल्लेल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग मिथेनच्या रूपाने ढेकरेवाटे वाया जातो. तो कमी करणाऱ्या पूरकांवर जगभर काम चालू आहे : समुद्री शेवाळ, ३-एनओपी हे रसायन, टॅनिनयुक्त पाला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ‘हरित धारा’ नावाचे मिश्रण विकसित केले आहे. दोन-चार जनावरांच्या गोठ्याला यातून आज थेट पैसा मिळत नाही.

धार काढण्याची घडी

कासेतले दूध साधारण ३८ अंशांचे असते. ताज्या दुधात जंतूंना रोखणारी स्वतःची थोडी ताकद असते, पण उन्हाळी हवेत ती दोन-एक तासच पुरते. म्हणून दूध लवकर ४ अंशांपर्यंत नेणारे शीतकरण यंत्र गावात येणे हा पुण्याच्या दूधपट्ट्यातला मोठा बदल ठरला. त्याआधीचे काम हाताचे आहे. कास पाण्याने भिजवून तशीच ठेवू नये. ओघळणारे पाणीच घाण सडाच्या टोकाशी आणते. धुवावे तर कोरड्या कापडाने पुसावे, आणि प्रत्येक जनावराला वेगळे कापड असावे. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढून गाठी पाहाव्यात. अंगठा मुडपून सड ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने दाबून धार काढणे सडाला कमी इजा करते. धार संपली की सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो. तेवढा वेळ जनावर उभे राहावे म्हणून वैरण तेव्हाच टाकावी.

प्रतिजैविक टोचलेल्या गाईचे दूध औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत कॅनमध्ये जाऊ नये, हा नियम सर्वांना माहीत आहे. तो पाळणाऱ्याचे तेवढ्या दिवसांचे पैसे बुडतात आणि न पाळणाऱ्याचे दूध त्याच टाकीत मिसळते. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांतील वापर २०१९ मध्ये देशात बंद झाला. रोजचा प्रश्न मात्र कासेत सोडायच्या प्रतिजैविकांच्या साध्या नळ्यांचा आहे.

म्हशीच्या बाबतीत हे वेळापत्रक जसेच्या तसे चालत नाही. तिच्या सडाचे तोंड गाईपेक्षा घट्ट असते, म्हणून कासदाह तुलनेने कमी. पण कासेच्या टाकीत आधीपासून उतरलेले दूध अगदी थोडे, जवळपास सगळे पान्हा सुटल्यावरच येते. रेडकू मेलेले असेल तर मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हैस आंबोणाची (पेंड-भरड्याच्या खुराकाची) पाटी पुढे आल्याशिवाय पान्हा सोडत नाही. धारेच्या वेळी कोरडी पेंड देऊ नये, तिची धूळ आणि जंतू दुधात पडतात, असे दुग्धस्वच्छतेचा नियम सांगतो. आणि पेंड दिली नाही तर म्हैस दूधच देत नाही. जुने गवळी यावर जे करतात ते शास्त्रालाही मान्य आहे. पेंड आधी भिजवून ठेवायची, खनिज मिश्रण त्या ओल्या आंबोणात कालवायचे, धारेला त्यातले अर्धेच पुढे करायचे, आणि उरलेले सड आयोडीनमध्ये बुडवून झाल्यावर.