जुन्या हलक्या विमानाला अधिक शक्तीचे इंजिन बसवायचे आहे? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 36-37 अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ही उंची साडेपाच हजार फुटांच्या पुढे जाते, आणि सेसना 152 च्या 110 अश्वशक्तीच्या इंजिनाकडून प्रत्यक्षात नव्वदीच्या आसपासच शक्ती मिळते. त्यामुळे बेळगाव-हुबळी पट्ट्यात जुने विमान बाळगणाऱ्याला मोठे इंजिन बसवावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र अनेकजण आधी इंजिन विकत घेतात, मग ते बसवणारा अभियंता शोधतात आणि परवानगीचा विचार सर्वांत शेवटी करतात. कायद्याला नेमका याच्या उलट क्रम अपेक्षित आहे.

भारतीय वायुयान अधिनियम 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला असला, तरी या कामासाठी अजून विमान नियम 1937 आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, सीएआर-21 (विमानांच्या मंजुरीचे नियम) हेच पाहावे लागतात. वजन, समतोल, सांगाड्याची मजबुती, विश्वासार्हता किंवा आवाज यांवर जाणवण्याजोगा परिणाम करणारा बदल तिथे 'मोठा बदल' मानला जातो, आणि अधिक शक्तीचे इंजिन यातून सुटूच शकत नाही. असा बदल मंजुरीआधी केला, तर विमानाचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र निलंबित झाल्याचे मानले जाते. त्यासाठी कोणी नोटीस काढावी लागत नाही. विमान हँगरमध्ये उभे असले तरी प्रमाणपत्र गेलेले असते आणि त्याच्यावर अवलंबून असलेला विमाही धोक्यात येतो.

अर्ज करताना विमानाची मालकी कागदोपत्री स्पष्ट असावी लागते. विमान भाडेकरारावर असेल तर मूळ मालकाची आणि तारण असेल तर बँकेची लेखी संमती लागते. मालक वारले असतील आणि मुलगा विमान सांभाळत असेल, तर आधी नोंदणी वारसाच्या नावावर करून घ्यावी. इंजिनाच्या अर्जासोबत वारसाहक्काचे कागद जोडून दोन्ही कामे एकदम होतील, ही आशा सोडून द्यावी.

मंजुरी मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. स्वतः नवी रचना करून, चाचण्या घेऊन पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे मूळ मंजूर रचनेतील बदलाला मान्यता देणारे एसटीसी, मिळवणे हा पहिला मार्ग एकट्या मालकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. दुसऱ्या मार्गात अमेरिकेच्या एफएएसारख्या परदेशी प्राधिकरणाने आधीच दिलेले एसटीसी डीजीसीएकडून मान्य करून घ्यावे लागते. उदाहरणार्थ, 150 किंवा 160 अश्वशक्तीच्या लायकॉमिंग ओ-320 इंजिनाच्या जुन्या सेसना 172 मध्ये 180 अश्वशक्तीचे ओ-360 बसवण्याची अशी एसटीसी अमेरिकेत फार पूर्वीपासून आहेत.

अर्जदारांची सर्वाधिक फजिती इथेच होते. एसटीसीची प्रत इंटरनेटवर मिळते, ती छापून जोडली जाते आणि अर्ज परत येतो. ती प्रत म्हणजे परवानगी नव्हे. एसटीसी ज्याच्या मालकीचे आहे, त्याने तुमच्या विमानासाठी ते वापरण्यास लेखी संमती द्यावी लागते, आणि त्या पत्रात विमानाचा नोंदणी क्रमांक किंवा अनुक्रमांक असावा लागतो. दुसऱ्या फ्लाइंग क्लबने कधीतरी मागवलेले, पण न वापरलेले बदलाच्या भागांचे किट स्वस्तात मिळाले, तर त्यासोबतचे पत्र त्या क्लबच्या विमानापुरतेच असते. नवे पत्र मिळणार का, हे किटचे पैसे देण्याआधी विचारावे.

त्यानंतर मॉडेलची यादी पाहावी, आणि तीही अक्षरागणिक. एसटीसीमध्ये 172 एम असेल आणि तुमचे विमान 172 एन असेल, तर ते बसत नाही. फ्रान्समधल्या रेम्स येथे बांधलेल्या विमानांच्या मॉडेलआधी 'एफ' हे अक्षर असते. अमेरिकी सेसनाचे नाव यादीत आहे म्हणून एफ172 आपोआप पात्र ठरत नाही. मालकाला आपले विमान 'सेसनाच' वाटत असल्याने ही चूक फार उशिरा लक्षात येते.

जवळपास कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे विमानात पूर्वी झालेल्या बदलांचा संपूर्ण इतिहास. आधीचे बदल आणि नवे एसटीसी एकमेकांना बाधक नाहीत, हे दाखवावे लागते. विमान अमेरिकेतून आलेले असेल, तर तिथल्या मोठ्या बदलांची नोंद फॉर्म 337 वर असते, आणि तीन मालक बदलेपर्यंत हे फॉर्म गहाळ झालेले असतात. विमानाचा जुना अमेरिकी नोंदणी क्रमांक कळवला, तर ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या नोंदणी शाखेकडून त्याच्या फाईलच्या प्रती किरकोळ शुल्कात मागवता येतात. हे काम सर्वांत आधी करावे, कारण फाईलमधून काय निघेल याचा भरवसा नसतो.

इंजिनासोबत ते वापरण्यास योग्य असल्याचा दाखला, म्हणजे एफएए फॉर्म 8130-3 किंवा युरोपीय प्राधिकरणाचा ईएएसए फॉर्म 1, आणि सलग लॉगबुक लागते. 'फक्त 600 तास चाललेले' इंजिन स्वस्त मिळते तेव्हा विक्रेता लायकॉमिंगच्या सूचनेतली ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची, 2,000 तासांची मर्यादा सांगतो. त्याच सूचनेत तास पूर्ण झाले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करावे असे लिहिले आहे, हे तो सांगत नाही. वर्षानुवर्षे खोक्यात पडून असलेल्या इंजिनाचे तास वाढत नसले, तरी वर्षे सरतच असतात. प्रोपेलरही एसटीसीत नमूद केलेलाच हवा, कारण इंजिन आणि प्रोपेलर यांच्या जोडीची कंपने तपासलेली असतात.

बेळगावात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: उद्यमबागेत कसलाही सुटा भाग बनतो आणि हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमधून मोठ्या विमानांचे भाग परदेशी जातात, मग इंजिन माउंट, म्हणजे इंजिन विमानाला धरून ठेवणारी चौकट, बाहेरून कशाला मागवायचा? कारागिरीबद्दल शंकाच नाही. परंतु तिथले भाग मंजूर रेखाचित्रांनुसार आणि मंजूर उत्पादन व्यवस्थेखाली बनतात. नमुना पाहून वेल्डिंग केलेला माउंट कितीही मजबूत असला, तरी त्याच्यासोबत वर सांगितलेला फॉर्म नसतो, आणि तपासणीत तो काढायला लावतात.

शक्ती वाढली म्हणून कमाल वजनमर्यादा वाढत नाही. ती वाढवायची तर एसटीसीत तसे स्पष्ट लिहिलेले असावे लागते, आणि काही वेळा त्याबदल्यात पंखांवरच्या फ्लॅपच्या (वेग कमी असताना उचल वाढवणाऱ्या पट्ट्यांच्या) कोनावर मर्यादा येते. उलट, नवे इंजिन जड असेल तर सामानासाठी उरणारे वजन कमी होते आणि इंधनही अधिक लागते. आवाजाचे प्रमाणपत्रही जुन्या इंजिनाचे असते, तेव्हा नवे लागेल का हे आधीच विचारून घ्यावे.

अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर आणि शुल्क सरकारच्या भारतकोश संकेतस्थळावर भरावे. यात फारसे अडत नाही. काम करणाऱ्या संस्थेच्या मान्यतेत आणि सही करणाऱ्या अभियंत्याच्या परवान्यात नवे इंजिन येते का, हे मात्र त्यांचे मान्यतापत्र स्वतः वाचून पाहावे, तोंडी खात्रीवर थांबू नये. बदलानंतर पुन्हा वजन, नवा वजनतक्ता, उड्डाणपुस्तिकेची पुरवणी, देखभाल कार्यक्रमात दुरुस्ती आणि परवानगी घेऊन चाचणी उड्डाण हे सारे होते. दरम्यान वार्षिक उड्डाणयोग्यता पुनरावलोकन प्रमाणपत्राची मुदत चालूच असते; बदलाची मंजुरी मिळाली म्हणून ती वाढते, हा गैरसमज बराच रूढ आहे. तेव्हा काम त्या तारखेच्या बरेच आधी संपेल असे आखावे.

शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण सीमाभागात ती वारंवार आडवी येते. जुन्या नोंदणी प्रमाणपत्रावर शहराचे 2014 पूर्वीचे इंग्रजी नाव असते, आधारवर नवे. कन्नडवरून इंग्रजीत गेलेले आडनाव एका कागदावर एक, तर दुसऱ्यावर दुसरेच असते. ही तफावत पाहणाऱ्या अधिकाऱ्याला बेळगावचा इतिहास ठाऊक असेल अशी अपेक्षा करू नये, आणि त्यावरून त्याच्याशी वाद घालण्यात तर काहीच हशील नाही. एकच व्यक्ती आणि एकच पत्ता असल्याचे इंग्रजी प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जाला जोडावे आणि एसटीसीधारकाकडून संमतीपत्र मागतानाही नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने कळवावे.