भातखाचरातले पाणी आणि कॅडमियम

जमिनीतले जड धातू 'खाऊन टाकणाऱ्या' जीवाणूंच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर फिरत असतात. कीटकनाशकाचा रेणू जीवाणू तोडू शकतात. कॅडमियम हा विषारी जड धातू मात्र मूलद्रव्य आहे, तो कोणत्याही बाटलीतल्या द्रावणाने नाहीसा होत नाही. त्याला जमिनीबाहेर काढावे लागते, नाहीतर जागच्या जागी अडकवून ठेवावे लागते.

भाताच्या बाबतीत अडकवण्याचे काम पाणी करते. लावणीनंतर खाचरात पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू लवकरच संपतो, आणि जीवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीज व लोह यांची ऑक्साइडे आणि शेवटी सल्फेट वापरू लागतात. सल्फेटपासून झालेल्या सल्फाइडशी संयोग होऊन कॅडमियमचे जवळजवळ अविद्राव्य संयुग बनते व ते मुळांच्या हाती लागत नाही. हस्ताच्या पावसाने दगा दिला आणि दाणा भरतानाच खाचर सुकले, तर हवा आत शिरते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि मोकळे झालेले कॅडमियम मुळांमध्ये शिरते, तेही मँगनीज आत घेण्यासाठी असलेल्या वाहक प्रथिनातून, कारण त्या दारावरच्या पहारेकऱ्याला दोघांतला फरक ओळखता येत नाही. जपानमध्ये जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरून इताई-इताई हा हाडे ठिसूळ करणारा रोग पसरला होता. तिथल्या सरकारने हे कारण १९६८ मध्ये मान्य केले.

मग पाणी सतत कोंडून ठेवावे, तर आर्सेनिक हे दुसरे विष आडवे येते. तुंबलेल्या पाण्यात लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटते. म्हणून आधी माती तपासून कोणता धातू आहे हे ठरवणे भाग आहे. जांभ्याच्या मातीत क्रोमियम व निकेल निसर्गतःच बरेच असू शकते, त्यामुळे एकूण प्रमाणाच्या आकड्यावरून कारखान्याला दोष देता येत नाही.

कोकणची माती आम्लधर्मी असल्याने कॅडमियम अधिक सहज विरघळते. चुना घालून सामू (pH) वाढवणे हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, बांध फुटून खारे पाणी शिरले तर मात्र क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाते आणि कॅडमियम मातीच्या कणांवरून पुन्हा सुटते.

धातू बाहेर काढणाऱ्या वनस्पतींचे कौतुक फार होते. टेरिस व्हिटाटा हे नेचे आर्सेनिक पानांत साठवते हे खरे, परंतु जमीन स्वच्छ व्हायला अनेक वर्षे लागतात आणि कापलेला पाला घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागतो. तो राब भाजायला वापरला, तर राखेबरोबर आर्सेनिक पुन्हा रोपांच्या वाफ्यात येईल.