क्लीन इन्स्टॉलेशन आणि अपग्रेड: युनिक्स सर्व्हरवरचा नेमका फरक

ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा इन्स्टॉलर सुरू होताच काही पर्याय समोर ठेवतो. त्यांतल्या 'आय' या अक्षराने इन्स्टॉल होते आणि 'यू' या अक्षराने अपग्रेड. दोन्ही वाटांनी अखेर त्याच आवृत्तीची प्रणाली डिस्कवर येते, आणि म्हणूनच हा फरक जुना डेटा ठेवायचा की पुसायचा एवढाच आहे, असा समज होतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: नव्या प्रणालीला तिची सेटिंग्ज डिस्कवरून मिळणार, की तुमच्या नोंदींतून?

अपग्रेडमध्ये ती डिस्कवरूनच मिळतात. कर्नल (प्रणालीचा गाभा), लायब्ररी आणि कमांड नव्या येतात, फाइल सिस्टीम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) जागच्या जागी राहतात आणि सेटिंग्ज जिथे असतात त्या ईटीसी डिरेक्टरीतल्या, तुम्ही हात लावलेल्या फाइली नव्या आवृत्तीशी जुळवून घेतल्या जातात. जिथे हे आपोआप जमत नाही तिथे निर्णय तुम्हाला विचारला जातो. सोय मोठी आहे, पण कोणी आणि कशासाठी टाकल्या हे आता कोणालाच आठवत नाही अशा ओळीही पुढच्या आवृत्तीत जातात. शिवाय ही वाट नेहमी खुली असतेच असे नाही. ओपनबीएसडीत एका वेळी एकच आवृत्ती पुढे जाता येते, तर सोलारिस या दुसऱ्या युनिक्समध्ये आवृत्ती १० वरून ११ वर जाण्यासाठी थेट अपग्रेडच नाही.

क्लीन इन्स्टॉलेशनमध्ये निवडलेल्या डिस्कवर नवी फाइल सिस्टीम तयार होते आणि जुन्या प्रणालीची स्मृतीच संपते. यातला सर्वांत फसवा भाग वापरकर्त्यांचा आहे. युनिक्स फाइलबरोबर मालकाचे नाव नव्हे, तर त्याचा क्रमांक साठवते. समजा, डेटाबेसच्या फाइली वेगळ्या डिस्कवर सुरक्षित आहेत आणि त्यांचा मालक क्रमांक १००१ आहे. नव्या प्रणालीत खाती वेगळ्या क्रमाने उघडली आणि १००१ हा क्रमांक दुसऱ्याच कोणाला मिळाला, तर फाइली न हलवताही त्यांची मालकी बदलते, आणि डेटाबेस सुरू झाला नाही की शोध मात्र भलतीकडेच सुरू होतो. म्हणून खाती आणि त्यांचे क्रमांक नोंदवणाऱ्या पासवर्ड आणि ग्रुप या दोन फाइलींची प्रत आधीच दुसऱ्या मशीनवर घ्यावी. क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या, व्हार डिरेक्टरीत असतात. केवळ ईटीसीची प्रत घेणाऱ्यांकडून त्या हमखास सुटतात. एसएसएचच्या (दूरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, परत ठेवल्या नाहीत, तर सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा जुन्या क्लायंटना मिळतो. तो खोटा नसतो.

आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये क्लीन इन्स्टॉलेशन आणि अपग्रेड या दोहोंच्या मधला 'प्रिझर्व्हेशन' हा प्रकार आहे आणि गोंधळ बहुधा त्याच्या नावामुळे होतो. तिथल्या संपूर्ण ओव्हरराइट या प्रकारात निवडलेल्या डिस्कवरचे सारे जाते. मायग्रेशन, म्हणजे अपग्रेडच्या प्रकारात तात्पुरत्या फाइलींची टेम्प वगळता फाइल सिस्टीम आणि सेटिंग्ज टिकतात. प्रिझर्व्हेशनमध्ये मात्र होम (वापरकर्त्यांच्या फाइली) आणि तुम्ही तयार केलेल्या फाइल सिस्टीम टिकल्या, तरी रूट, यूएसआर, व्हार आणि टेम्प नव्याने लिहिल्या जातात. म्हणजे डेटा राखला जातो, पण सेटिंग्जच्या दृष्टीने हे जवळजवळ क्लीन इन्स्टॉलेशनच ठरते. अपवाद ईटीसीतल्या 'प्रिझर्व्ह डॉट लिस्ट' या फाइलीत नोंदवलेल्या फाइलींचा, आणि ही यादी जुनी प्रणाली चालू असतानाच पूर्ण करावी लागते.