पाळी गेली म्हणजे इच्छाही गेली?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गुडघेदुखीवर मोकळेपणानं बोलणं होतं, पाळी जाण्यावर जरा दबक्या आवाजात. संबंधांच्या वेळी होणारं दुखणं मात्र मैत्रिणीलाही सांगितलं जात नाही. ‘या वयात हे शोभतं का?’ हा समज आड येतो, आणि सहज बरा होणारा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. भारतात हे साधारण ४६-४७व्या वर्षी घडतं. त्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातलं संप्रेरक (हार्मोन) झपाट्यानं घटतं. इच्छेशी संबंध असलेलं टेस्टोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वयाबरोबर सावकाश उतरतं, पाळीबरोबर एकाएकी संपत नाही. (गर्भपिशवीसोबत दोन्ही बीजकोशही काढले, तर तेही अचानक खाली येतं. बीजकोश ठेवणार की काढणार, हे शस्त्रक्रियेआधी विचाराच.)

मग मन का उडतं? इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ, कोरडं होतं आणि कमी ताणलं जातं. तिथली आम्लता राखणारे जिवाणू घटतात, म्हणून लघवीचा संसर्गही वारंवार होतो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळतात, त्यामुळे आणखी दुखतं. शेवटी बाई जवळ जाणंच टाळते आणि घरात त्याला ‘इच्छा मेली’ असं नाव पडतं. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात; हा कोरडेपणा उपचारांशिवाय सहसा जात नाही, उलट वाढतो.

योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून २-३ रात्री, संबंध असोत वा नसोत, नेमानं लावावं. संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण वापरावं. खोबरेल तेलानं लेटेक्सचा निरोध फाटू शकतो. साबणानं किंवा जंतुनाशकानं आतून धुणं बंद करावं, त्यानं कोरडेपणा वाढतो. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात: बहुधा २ आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. पूर्ण गुण यायला २-३ महिने लागतात; पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब फेकू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगावं.

गर्भनिरोधन लगेच सोडू नये. शेवटची पाळी पन्नाशीआधी आली असेल तर २ वर्षं, नंतर आली असेल तर १ वर्ष काळजी घ्यावी. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. शहरात सयाजी रुग्णालयाचा स्त्रीरोग विभाग आहेच.