मंद ताऱ्यांचे स्थानमापन

मंद ताऱ्यांचे स्थानमापन : नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, म्हणजे साधारण सहाव्या प्रतीहून (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) अंधूक ताऱ्यांची आकाशातील जागा आणि तिच्यात वर्षानुवर्षे पडणारा फरक मोजणे. जागा विषुवांश व क्रांती (आकाशातील रेखांश व अक्षांश) यांनी सांगतात, फरक विकलांत (१ अंश = ३,६०० विकला).

सूर्याच्या शेजारचे बहुतेक तारे लाल बटू, म्हणजे लहान व थंड तारे आहेत. ते जवळ असूनही अंधूक दिसतात, म्हणून असा शेजारी तेजापेक्षा चालीवरून ओळखू येतो. १९१६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बार्नार्ड यांनी जुन्या-नव्या छायाचित्रण काचा ताडून पाहिल्या, तेव्हा भुजंगधारी तारकासमूहातला साडेनऊ प्रतीचा एक तारा वर्षाला १०.३ विकला सरकताना आढळला. याहून मोठी निजगती (ताऱ्याची आकाशातील स्वतःची वार्षिक चाल) अद्याप कोणत्याही ताऱ्याची आढळलेली नाही. तरी चंद्रबिंबाएवढे अंतर कापायला त्याला सुमारे १७५ वर्षे लागतात. पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे त्याच्या वाटेला वार्षिक हेलकावा येतो, तो लंबनाचा. लंबन ०.५५ विकला, त्यावरून अंतर सुमारे ६ प्रकाशवर्षे.

कोल्हापूरहून (उत्तर अक्षांश १६°४२′) हा तारा मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ७८ अंश उंच येतो, जवळजवळ डोक्यावरच. अडचण पावसाची. तो मध्यरात्री माथ्यावर येतो जूनच्या उत्तरार्धात, नेमका आभाळ भरून आल्यावर. त्यामुळे निरीक्षणे मार्च ते मेच्या पहाटे किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळी, शहराच्या उजेडापासून दूर, पन्हाळा किंवा गगनबावड्याकडे घ्यावीत. मार्चची पहाट तर लंबनासाठीही सोयीची, कारण तेव्हा हेलकावा एका टोकाला असतो. २ मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, की एका पिक्सेलमध्ये ०.३९ विकला मावते. म्हणजे ताऱ्याची वर्षभराची चाल २६ पिक्सेल; ती हौशी निरीक्षकालाही सहज पकडता येते. लंबन मात्र चिकाटीची परीक्षा घेते.

सूर्याचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा (अकराव्या प्रतीचा) इथून जेमतेम साडेदहा अंश वर येतो. एवढ्या खाली हवेच्या वक्रीभवनाने तो सुमारे ३०० विकला उचललेला दिसतो, आणि वर्षाची त्याची चाल चार विकलाही नाही. भोवतालचे तारेही तेवढेच उचलले जातात म्हणून मापन जमते. पण लाल प्रकाश निळ्यापेक्षा थोडा कमी वळतो, आणि तांबड्या ताऱ्याची तुलना पांढऱ्यांशी केली की तेवढी चूक शिल्लक राहते. लाल फिल्टर लावून आणि तारा मध्यमंडलाजवळ असतानाच फोटो घेऊन ती आवरता येते.

पूर्वी तुलनेसाठी भरवशाचे मंद तारे मिळणे हीच मोठी अडचण होती. हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या यादीत १,१८,२१८ तारे होते. २०१३ मध्ये सोडलेल्या गाइआ यानाने ती संख्या अब्जावर नेली, तीही सुमारे २१ व्या प्रतीपर्यंत. गाइआच्या २०२२ च्या यादीतली स्थाने २०१६ च्या आरंभाची आहेत. आजच्या फोटोशी जुळवण्यापूर्वी प्रत्येक ताऱ्याची मधल्या वर्षांची निजगती त्या स्थानांत मिळवावी लागते. बार्नार्डच्या ताऱ्यासाठी हा फरक दहा वर्षांत १०० विकलांवर जातो.