क्यूत डोकावणं आणि क्यूतून काढणं

क्यू म्हणजे मेसेजची रांग: एक प्रोग्रॅम तीत मेसेज टाकतो, दुसरा उचलतो. “क्यूमध्ये काय अडकलंय ते जरा बघ,” असं कुणी म्हटलं की आपण टर्मिनल उघडतो, टूलच्या हेल्पमध्ये ‘गेट’ नावाची कमांड दिसते आणि ती ठोकून देतो. स्क्रीनवर पाच मेसेज येतात. पाचही नीट वाचता येतात. पण ते आता क्यूत आहेत की नाहीत?

बघणं म्हणजे ब्राउझ किंवा पीक, आणि काढणं म्हणजे गेट किंवा कन्झ्यूम. दोन्हींचं आउटपुट अक्षरही न बदलता सारखं असू शकतं. फरक पडतो तो ब्रोकरकडे, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे. काढताना ब्रोकर मेसेज कन्झ्यूमरच्या, म्हणजे तो उचलणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती देतो आणि पोचेची, म्हणजे ॲकची, वाट बघतो. पोच आली की मेसेज कायमचा गेला. ब्राउझमध्ये ही देवघेवच होत नाही. मेसेज जागचा हलत नाही आणि दुसरा कन्झ्यूमर त्याच क्षणी तो उचलूही शकतो. त्यामुळे ब्राउझची यादी म्हणजे क्यूचा फोटो समजू नये. वरची ओळ वाचून खाली येईपर्यंत वरचा मेसेज निघून गेलेला असू शकतो.

आयबीएम एमक्यू या ब्रोकरबरोबर येणाऱ्या सॅम्पल प्रोग्रॅममध्ये दोन्ही कामांना वेगवेगळे प्रोग्रॅम आहेत: ए-एम-क्यू-एस-गेट मेसेज काढतो, ए-एम-क्यू-एस-बी-सी-जी नुसता दाखवतो. नावं बघून कुणाला काही कळेल अशी शक्यता कमी, पण एकाच कमांडला दोन चेहरे नाहीत, हे बरंच आहे.

खरी गंमत होते ती ब्रोकरला बघणं माहीतच नसतं तेव्हा. रॅबिटएमक्यू या ब्रोकरचा मूळ प्रोटोकॉल, एएमक्यूपी 0-9-1, यात ब्राउझ नावाचा प्रकार नाही. म्हणून त्याच्या ॲडमिन टूलचं ‘गेट’ मेसेज घेतं, दाखवतं आणि परत क्यूत ठेवतं. हे बघणं नव्हे, ही उचलठेव आहे, आणि तिची खूण मागे राहते. मेसेजवर ‘रीडिलिव्हर्ड’चा, म्हणजे ‘पुन्हा दिलेला’ असा, झेंडा लागतो. तो झेंडा बघून वेगळं वागणारा कन्झ्यूमर असेल, तर तुमच्या डोकावण्याने त्याचं वागणं बदललं.

ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू-सेवेत हे आणखी महागात पडतं. तिथे मेसेज रिसीव्ह केला की तो मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंद बाकीच्यांना दिसत नाही आणि त्याची रिसीव्ह संख्या एकाने वाढते. डेड-लेटर क्यूची, म्हणजे पुन्हा पुन्हा घेऊनही न संपलेले मेसेज बाजूला टाकायच्या रांगेची, मर्यादा 3 ठेवली असेल आणि तुम्ही कुतूहलापोटी तीनदा बघितलंत, तर चौथ्या खेपेला खरा कन्झ्यूमर येतो तेव्हा मेसेज त्याच्या हाती न पडता सरळ डेड-लेटर क्यूत जातो. मेसेजमध्ये काही खोट नव्हती, तो फक्त बघून बघून संपला. अझ्युर सर्व्हिस बसचं पीक मात्र खरंखुरं बघणं आहे: लॉक लागत नाही, डिलिव्हरीची मोजणी वाढत नाही. काफ्काची गोष्ट निराळीच, तिथे वाचल्याने काहीच जात नाही, पुढे सरकतो तो कन्झ्यूमर ग्रुपचा ऑफसेट, म्हणजे त्या गटाने कुठवर वाचलं याची खूण.

म्हणजे टूल लिहिणाऱ्याने आधी स्वतःच्या ब्रोकरला विचारायला हवं, की तुला बघणं येतं का? येत नसेल तर कमांडला ‘पीक’ नाव देऊन वापरणाऱ्याला फसवू नये. हेल्पच्या पहिल्याच ओळीत लिहावं, की मेसेज उचलून परत ठेवला जाईल.

माझी स्वतःची फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. एक छोटं टूल लिहिलं होतं, लूप साधा: मेसेज घे, पोच दे, छाप. एकदा आउटपुट पाइपने ‘हेड’ला, म्हणजे पहिल्या काही ओळी दाखवून थांबणाऱ्या कमांडला, जोडून पहिल्या पाच ओळी मागितल्या. हेडने पाच ओळी घेतल्या आणि पाइप, म्हणजे दोन प्रोग्रॅममधली ती जोडणी, बंद केला. पण पाइपमध्ये लिहिताना प्रोग्रॅम ओळ-ओळ पाठवत नाही, बफर, म्हणजे तात्पुरता साठा, भरला की एकदम पाठवतो. पाच ओळी दिसेपर्यंत कितीतरी मेसेजची पोच देऊन झाली होती. ते ना क्यूत उरले, ना स्क्रीनवर आले.

पहिली दुरुस्ती सुचते ती अशी: आधी छाप, बफर रिकामा कर, मग पोच दे. ती करावीच, पण तेवढ्याने भागत नाही. पाइपलाही स्वतःचं पोट असतं, लिनक्सवर साधारण 64 किलोबाइटचं. तुमच्या बाजूने लिहून झालं म्हणजे पलीकडच्याने वाचलं असं नाही. म्हणून माझ्या मते काढणाऱ्या कमांडने स्क्रीनवर लिहूच नये. फाइलचं नाव सक्तीने मागावं, मेसेज डिस्कवर पक्का बसला की मगच पोच द्यावी. मध्येच वीज गेली तर एखादा मेसेज फाइलमध्येही सापडेल आणि क्यूतही. ते परवडतं. एका क्यूतून दुसऱ्या क्यूत हलवतानाही क्रम हाच: तिकडे पोचल्याची खात्री आधी, इकडची पोच नंतर.

पर्जबद्दल एवढंच, की तो क्यू रिकामी करतो, क्यू उडवत नाही. रॅबिटएमक्यूत तर तो फक्त वाट बघत असलेले मेसेज पुसतो. कन्झ्यूमरच्या हातात असलेले, पोच न आलेले तसेच राहतात आणि कन्झ्यूमर कोसळला की क्यूत परत येतात. ‘पर्ज करूनही तीन मेसेज आले कुठून?’ याचं उत्तर बहुधा तेच असतं.

“नक्की ना?” असं विचारून वाय दाबायला लावणं मला फारसं पटत नाही, बोट सवयीने दाबतं. काफ्काची ऑफसेट मागे-पुढे करणारी कमांड आपण होऊन फक्त काय होईल ते दाखवते, आणि ‘एक्झिक्यूट’ हा फ्लॅग दिल्याशिवाय काही बदलत नाही. ही पद्धत मी उचलली. आणि ‘गेट’ काढूनच टाकलं. सवयीने कुणी टाइप केलंच, तर टूल ‘पीक’ आणि ‘टेक’ अशी दोन नावं दाखवतं, प्रत्येकासमोर मेसेजचं काय होईल ते एका ओळीत सांगतं, आणि क्यूला हात न लावता एरर कोड देऊन बाहेर पडतं.